झडती आणि अब्रू

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. भाजणी मळून झाली होती, सोऱ्या माझ्या हातात होता आणि थोरल्या वन्सं तळायला बसल्या होत्या. कढईपुढे बसल्यावर बायकांच्या तोंडून ज्या गोष्टी निघतात, त्या एरवी चिमट्याने ओढल्या तरी बाहेर यावयाच्या नाहीत. वन्सं दोन वर्षांपूर्वी लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जाऊन आल्या होत्या. तिकडचा बर्फ, तिकडची दुकाने, नातवाचे बारसे हे सारे आम्ही ऐकून संपविले होते. एकच गोष्ट सांगावयाची राहिली होती. ती त्या दिवशी निघाली.

वन्संच्या छातीवर काही वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झाली. दुखणे कर्करोगाचे होते आणि एक बाजू काढून टाकावी लागली. तेव्हापासून पोलक्याच्या आत त्या एक मऊ गादी घालतात. घरच्या चार माणसांपलीकडे हे कुणाला ठाऊक नाही. एका परक्या विमानतळावर त्यांना काचेच्या उभ्या कपाटात हात वर करून उभे केले. बाहेरच्या पडद्यावर माणसाची नुसती बाह्याकृती उमटली आणि त्या आकृतीच्या छातीवर एक पिवळा चौकोन. एक तरुण पोरगी पुढे आली आणि हातमोजा घातलेल्या हाताने चाचपू लागली. आत काय आहे, असे तिने विचारले. वन्संना कामापुरते इंग्रजी येते. पण त्या वस्तूला इंग्रजीत काय म्हणतात ते त्या घटकेला आठवेना.

"शेवटी मीच तिचा हात धरून तिथे ठेवला, अगं. रांगेतले सगळे बघत होते."

"मग तिकडे कुणाला सांगितलं नाहीत तुम्ही? तक्रार करायची होती."

वन्संनी झारा कढईच्या कडेला टेकवला. "कुणाला सांगायचं? आणि सांगून काय होतं?"

मी शाळेत इतिहास शिकविते. मुलांनी असा प्रश्न विचारला, तर उत्तर ठाऊक नसले तरी शोधावे लागते. सांगून काय होते, हे मी शोधू लागले. आणि शोध विमानापासून सुरू न होता आपल्याच पुण्या-मुंबईच्या रेल्वेपासून सुरू झाला.

१८९६ सालच्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेग उघडकीस आला. माणसे भराभर मरू लागली आणि उरलेली मिळेल त्या गाडीने शहर सोडू लागली. रोग गाडीत बसून गावोगाव जाणार हे उघड होते. १८९७ च्या फेब्रुवारीत सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला आणि रेल्वेच्या स्थानकांवर उतारूंची तपासणी सुरू झाली. उतारूंना खाली उतरवून उभे करावयाचे, अंगाला हात लावून ताप पाहावयाचा, काखेत आणि जांघेत गाठ आहे की काय ते चाचपावयाचे. प्लेगची गाठ तेथेच उठते, म्हणून पाहावयाचे तर तेथेच पाहिले पाहिजे. त्यात वैद्यकाच्या दृष्टीने काही गैर नव्हते. पण परपुरुषासमोर डोक्यावरचा पदर ढळू न देणाऱ्या बाईला फलाटावर, चारचौघांत, परक्या पुरुषाने हात लावावा, म्हणजे तिच्या मनाला मरणाच्याच जागी. पुढे तक्रारी झाल्या तेव्हा बायका तपासावयास बायका नेमणे, आडोसा करणे, हे उपाय निघाले.

पुण्यात तर झडती घरात शिरली. रँडसाहेबाच्या हुकमाने गोरे सोजीर माजघरापर्यंत जाऊ लागले, आणि २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकर बंधूंनी त्याचा सूड घेतला. हा धडा आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेला आहे. त्या वर्षाचा दुसरा एक धडा मात्र मुलांच्या पुस्तकात सहसा नसतो. गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळी वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी विलायतेत होते. पुण्याहून त्यांना पत्रे गेली की, सोजिरांनी बायकांची अब्रू घेतली. गोखल्यांनी 'मँचेस्टर गार्डियन' पत्राला ते सांगितले आणि पार्लमेंटपर्यंत गडबड उडाली. जुलैअखेर ते मुंबईच्या धक्क्यावर उतरले, तेव्हा सरकार पुरावा मागत होते. पत्रे लिहिणारे होते. पण आपले नाव पुढे करावयास त्यांतला एकही तयार नव्हता. गोखल्यांनी कुणाचेही नाव न फोडता बिनशर्त माफी मागितली आणि त्या माफीबद्दल स्वकीयांचे टोमणे कित्येक वर्षे सोसले.

मला ह्या प्रसंगात वन्संच्या प्रश्नाचे पहिले उत्तर सापडले. पैशाची चोरी झाली तर माणूस चव्हाट्यावर ओरडून सांगू शकतो. अब्रूवर हात पडला तर सांगण्यासाठी ती पुन्हा उघडी करावी लागते. म्हणून अशा तक्रारींना नाव नसते, नाव नसले की पुरावा नसतो, आणि पुरावा नसला की झाले ते झालेच नाही असे सरकारदरबारी ठरते.

प्लेग येण्याच्या आदल्याच वर्षी, ८ नोव्हेंबर १८९५ ला, जर्मनीतील वुर्त्सबुर्ग गावी प्राध्यापक राँटजेन यांना एक अनोळखी किरण सापडला होता. नाव ठरेना, म्हणून त्यांनी त्याला 'क्ष' म्हटले. नाताळच्या तोंडावर त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र त्या किरणाने काढले. बोटांची हाडे दिसली आणि एका हाडाभोवती अंगठी. ते चित्र जगभर गेले. डॉक्टर हरखले, पण सामान्य माणसाच्या मनात पहिला विचार आला तो वेगळाच. हाडे दिसतात तर कपड्यांचे काय? लंडनच्या एका व्यापाऱ्याने म्हणे क्ष-किरणांना दाद न देणारी अंतर्वस्त्रे विकावयास काढली, आणि अमेरिकेत न्यू जर्सी संस्थानात नाटकगृहातील दुर्बिणींत हे किरण वापरण्यास बंदी करणारे बिल एकाने मांडले. आज हसू येते. पण हसण्यापूर्वी वन्संचे काचेचे कपाट आठवावे. १८९७ मध्ये, म्हणजे आपल्याकडे स्थानकांवर काखा चाचपल्या जात होत्या त्याच वर्षी, फ्रान्सच्या जकात खात्याने प्रवाशांच्या सामानावर हे किरण टाकून पाहिले. झडतीचे यंत्र अशा रीतीने विमानाहूनही वयाने वडील आहे.

लाजेच्या पाठोपाठ भीती आली. एडिसनचा सहायक क्लॅरेन्स डॅली हा रोज आपला हात किरणांपुढे धरून नळ्या तपासीत असे. हात भाजले, बोटे गेली, दोन्ही हात कापावे लागले आणि १९०४ मध्ये तो मेला. एडिसनने हे काम कायमचे सोडले. एवढे होऊनही १९२० नंतर अमेरिकेत आणि विलायतेत जोड्यांच्या दुकानांतून एक लाकडी पेटी उभी राहिली. मुलाने नवा जोडा घालून पाय आत घालावा आणि आपल्या पायाची हाडे जोड्यात कशी बसली आहेत ते वरून पाहावे. मुलांना मौज वाटे, दुकानदाराचा जोडा खपे. किरण किती अंगात गेले ह्याचे माप कुणी ठेवीत नव्हते. पेनसिल्व्हानिया संस्थानाने १९५७ मध्ये ह्या पेट्यांवर बंदी घातली तोवर एक पिढी मोठी झाली होती. तेव्हा ह्या किरणांच्या बाबतीत 'घाबरू नका' असे कुणी सांगितले की लोक चटकन विश्वास ठेवीत नाहीत, त्याला असा इतिहास आहे.

विमानाच्या दारात मात्र पुष्कळ वर्षे झडती नव्हती. आपण एस. टी.त चढतो तसे लोक विमानात चढत. १ मे १९६१ ला एका माणसाने अमेरिकेतील विमान धाक घालून क्यूबाला नेले आणि पुढे ती साथच पसरली. १९६८ ते १९७२ ह्या पाच वर्षांत एकट्या अमेरिकेत सव्वाशेहून अधिक विमाने पळविली गेली किंवा पळविण्याचा प्रयत्न झाला. तरी विमान कंपन्या झडतीला तयार नव्हत्या; गिऱ्हाइकाला चोरासारखे तपासले तर ते दुसऱ्यांदा येईल काय, अशी त्यांची धास्ती. १९७२ च्या नोव्हेंबरात तिघा बंदूकधाऱ्यांनी पळविलेले विमान ओक रिज येथील अणुकेंद्रावर घालण्याची धमकी दिली, तेव्हा सगळ्यांची झोप उडाली. ५ जानेवारी १९७३ पासून अमेरिकेत प्रत्येक उतारूची आणि त्याच्या हातातील सामानाची तपासणी सक्तीची झाली. त्याच वर्षी तेथील एका न्यायालयाने मर्यादाही आखून दिली. अशी झडती कायदेशीर आहे, मात्र शस्त्र शोधण्यास जेवढी लागते तेवढीच ती असावी. आणि जो उतारू विमानात बसावयाचे नाकारील त्याला ती टाळता यावी.

आपल्याकडची कथा याहून विलक्षण आहे. ३० जानेवारी १९७१ ला श्रीनगरहून जम्मूला निघालेले 'गंगा' नावाचे विमान दोघा तरुणांनी लाहोरला नेले. त्यांच्या हातातले पिस्तूल खोटे होते आणि बाँब लाकडाचा. साध्या झडतीतही ते सापडले असते! विमान लाहोरला जाळले गेले आणि त्यावरून भारताने पाकिस्तानच्या विमानांना आपल्या आकाशातून जाण्यास मनाई केली.

झडती नकोच, असे म्हणणाऱ्याने मात्र 'कनिष्क' विमानाची आठवण ठेवावी. १९८५ च्या जूनमध्ये कॅनडात व्हँकूव्हरला एक बॅग चढविली गेली. तिचा मालक विमानात चढलाच नाही. टोराँटोला सामान तपासणारे क्ष-किरण यंत्र मध्येच बंद पडले आणि उरलेल्या बॅगा हातातील एका लहानशा हुंगणाऱ्या उपकरणावर भागविल्या गेल्या. २३ जूनला आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ ते विमान आकाशातच फुटले. ३२९ माणसे गेली. त्यांत सुटीत आजी-आजोबांना भेटावयास निघालेली लेकरे कितीतरी होती. पुढे १९९९ च्या नाताळात काठमांडूहून निघालेले आपले विमान कंदाहारला नेले गेले आणि आठवडाभर साऱ्या देशाचा जीव टांगणीला लागला. त्यानंतर, २००० च्या फेब्रुवारीत, जयपूरपासून सुरुवात करून विमानतळांची राखण केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आली.

म्हणजे झडती पाहिजे, हे नक्की. प्रश्न उरतो तो ती कशी करावी एवढाच.

११ सप्टेंबर २००१ नंतर विमानतळाचा उंबरठा दर काही वर्षांनी उंच होत गेला. त्याच डिसेंबरात एकाने जोड्यात स्फोटक दडविले. पुढे अमेरिकेत सर्वांना जोडे काढावे लागले, ते थेट २०२५ च्या जुलैपर्यंत. २००६ मध्ये बाटल्यांतून स्फोटके नेण्याचा कट लंडनला फुटला. तेव्हापासून पाण्याची बाटली गुन्हेगार ठरली. आणि २५ डिसेंबर २००९ ला ॲमस्टरडॅमहून डेट्रॉइटला जाणाऱ्या विमानात एका तरुणाने अंतर्वस्त्रात शिवलेले स्फोटक पेटविण्याचा प्रयत्न केला. ते नीट पेटले नाही म्हणून विमान वाचले. धातू ओळखणाऱ्या चौकटीला हे स्फोटक दिसणे शक्य नव्हते. तेव्हा कपड्यांच्या आत पाहणारी यंत्रे अमेरिकेच्या विमानतळांवर झपाट्याने बसू लागली.

ती दोन जातींची होती. एकीत अगदी सौम्य क्ष-किरण अंगावर सोडीत. ते शरीराच्या आरपार न जाता त्वचेवरून परत फिरत आणि त्या परतलेल्या किरणांतून चित्र बने. दुसरीत मिलिमीटर लहरी वापरीत; ह्या रेडिओच्या गोतातल्या, क्ष-किरणांसारखी पेशींची मोडतोड करण्याचे बळ त्यांच्यात नसते. मात्र सुरुवातीला ह्या दोन्ही जातींच्या पडद्यावर माणूस जवळजवळ उघडा दिसे. चित्र पाहणारा अधिकारी दुसऱ्या खोलीत बसतो आणि चित्र साठविले जात नाही, असे सरकार सांगे. पण २०१० मध्ये असे बाहेर आले की, फ्लोरिडातील एका न्यायालयाच्या दारातील अशाच एका यंत्राने ३५ हजार चित्रे साठवून ठेविली आहेत. यंत्र निराळे, जागा निराळी; पण साठविता येत नाही ही समजूत गेली ती गेलीच.

प्रकृतीचा प्रश्नही त्याच वर्षी उभा राहिला. एका झडतीत अंगावर येणारे क्ष-किरण विमान आकाशात असताना दोन मिनिटांत येणाऱ्या किरणांएवढेच, असा सरकारी हिशेब होता. कारण उंचावर हवेचे पांघरूण पातळ होते आणि आकाशातले किरण आपल्याला अधिक लागतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठातील काही शास्त्रज्ञांनी एप्रिल २०१० मध्ये सरकारला पत्र लिहून विचारले की, हे किरण साऱ्या शरीरात न पसरता त्वचेतच राहतात, तर हिशेब साऱ्या शरीरावर वाटून कसा चालेल? वृद्ध, गर्भवती, मुले, स्तनांच्या कर्करोगाचा धोका उपजत असलेल्या स्त्रिया, ह्यांचा विचार कुणी केला आहे काय? पुढे २०१३ मध्ये वैद्यकीय पदार्थवैज्ञानिकांच्या संघटनेने मोजून सांगितले की, किरण खरोखरच फार थोडे, बारा सेकंदांच्या उड्डाणाएवढे आहेत. म्हणजे भीती मोठी ठरली नाही. पण ते विचारले गेले म्हणून मोजले गेले. जोड्यांच्या दुकानात कुणी विचारले नव्हते. युरोपीय संघाने तर २०११ मध्येच ठरविले की, त्याच कामाला दुसरे यंत्र मिळत असताना नागरिकांच्या अंगावर क्ष-किरण टाकावयाचेच नाहीत.

आणि ह्याच सुमारास लोक बोलू लागले. २०१० च्या नोव्हेंबरात यंत्र नाकारणाऱ्याची कसून हाताने तपासणी सुरू झाली होती. डेट्रॉइटला मूत्राशयाच्या कर्करोगातून उठलेल्या एका गृहस्थांच्या पोटावरची पिशवी तपासणीत सुटली; ते भिजल्या कपड्यांनी विमानात बसले. दुसऱ्या गावी विमानात काम करणाऱ्या एका बाईला छातीतली गादी काढून दाखवावयास सांगितले. वन्संचेच दुखणे! दोघांनीही हे जगासमोर सांगितले, आपल्या नावानिशी सांगितले. त्या गृहस्थांची सुरक्षा खात्याच्या प्रमुखाने, जॉन पिस्टोल यांनी, स्वतः फोन करून क्षमा मागितली. डिसेंबरात मिसिसिपीतील विमानतळावर आपल्या राजदूत मीरा शंकर यांना बाजूला घेऊन चाचपले. कारण काय, तर त्यांनी साडी नेसली होती. आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी त्याचा निषेध केला.

वॉशिंग्टनमधील 'एपिक' ही खाजगीपणाच्या हक्कासाठी झगडणारी संस्था न्यायालयात गेली. जुलै २०११ मध्ये निकाल लागला. यंत्रे बेकायदा नाहीत, असे न्यायाधीश म्हणाले. पण एवढी मोठी गोष्ट लोकांवर लादण्यापूर्वी त्यांचे म्हणणे मागवावयास हवे होते, आता तरी ते मागवा. २०१२ मध्ये तेथील लोकसभेने कायदाच केला की, पडद्यावर माणसाचे अंग न दिसता सर्वांसाठी एकच साधी आकृती दिसली पाहिजे. मिलिमीटर लहरींच्या यंत्रांना ते जमले. क्ष-किरणांचे यंत्र बनविणाऱ्यांना मुदतीत जमेना. तेव्हा २०१३ च्या मेअखेर त्यांची यंत्रे विमानतळांवरून उचलण्यात आली. त्यांतली काही तुरुंगांत गेली. पुढल्या वर्षी आणखी एक मौज झाली. काही विद्यापीठांतील संशोधकांनी असेच एक यंत्र जुन्या बाजारातून विकत आणून तपासले, तर युक्तीने अंगावर बांधलेले पिस्तूल त्यातून सुखरूप निसटत होते. म्हणजे लाज गेली होती, आणि राखण झालीच होती असे नाही.

वन्संच्या प्रश्नाचे हे दुसरे उत्तर. वन्सं ज्या कपाटात उभ्या राहिल्या, त्याच्या पडद्यावर त्यांचे अंग न दिसता एक पोरकट बाह्याकृती दिसली. ती कुणीतरी सांगितले म्हणून. काही वर्षे आधी तेथे त्या स्वतः दिसल्या असत्या. पिवळा चौकोन मात्र राहिला, कारण गादी आणि स्फोटक ह्यांतला भेद यंत्राला कळत नाही. तो भेद माणसाने करावयाचा असतो, आणि तो करताना आडोसा करावयाचा असतो.

आडोसा म्हटला की मला आपले विमानतळ आठवतात. आपल्याकडे बायकांची रांग वेगळी असते आणि पडदा लावलेल्या चौकोनी खोक्यात एक बाई दुसऱ्या बाईला तपासते. परदेशांतून आलेल्या पाहुण्यांना ह्याचे हसू येते, रांगही लांबते. पण तो हातभर कापडाचा पडदा फलाटावर तपासल्या गेलेल्या आपल्या पणज्यांनी आपल्याला मिळवून दिला आहे, असे मला वाटते. त्यांतल्या एकीचेही नाव आपल्याला ठाऊक नाही.

हे सगळे मी वन्संना सांगितले. खाजगी खोली मागता येते, बाईच तपासील, बरोबर आपले माणूस ठेवता येते, दुखण्याचे कार्ड आधीच हातात देता येते, हेही सांगितले. अमेरिकेच्या खात्याने अशी सोय ठेविलेली आहे, पण ती मागावी लागते. यंदा वन्सं पुन्हा जाणार आहेत. मी त्यांना इंग्रजीत एक चिठ्ठी लिहून दिली, चार ओळींची. वन्संनी ती दोनदा वाचली, घडी घालून पासपोर्टात ठेविली.

"तू मासिकात लिहितेस ना," त्या म्हणाल्या, "मग हे लिही. नाव घालू नकोस माझं. पण लिही."

म्हणून लिहिले.